जनुकसंयोगाद्वारे प्रथिन शुद्धीकरण

हव्या असलेल्या प्रथिनाच्या जनुकाला दुसऱ्या प्रथिनाचा किंवा लहान पेप्टाइडाचा जनुकीय अनुक्रम जोडून, त्या जोडभागाच्या (टॅगच्या) आधारे ते प्रथिन पेशीतील इतर प्रथिनांतून वेगळे काढण्याची ही पद्धत आहे. प्रत्येक प्रथिनाचा आकार, विद्युत्‌भार व विद्राव्यता निराळी असल्याने पूर्वी प्रत्येकासाठी शुद्धीकरणाची रीत नव्याने बसवावी लागे. टॅगमुळे एकच रीत अनेक प्रथिनांना लागू पडते. मात्र जोडणी करताना वाचनचौकट (जनुकाचा अनुक्रम तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचण्याची मांडणी) सरकता कामा नये आणि आधी वाचल्या जाणाऱ्या जनुकाचा समाप्ती-संकेत (प्रथिन येथे संपते ही खूण) काढून टाकावा लागतो, नाहीतर जोडप्रथिन तयारच होत नाही.

1977 मध्ये सोमॅटोस्टॅटिन हे 14 ॲमिनो आम्लांचे संप्रेरक जीवाणूत बनवताना ते बीटा-गॅलॅक्टोसिडेज या मोठ्या प्रथिनाला जोडले होते. तेथे हेतू शुद्धीकरणाचा नसून संरक्षणाचा होता, कारण सुटे संप्रेरक जीवाणूतच नष्ट होत असे. 1983 मध्ये स्टॅफिलोकॉकसच्या ‘प्रथिन ए’शी संयोग करून, ते प्रतिपिंडांना चिकटते या गुणाचा शुद्धीकरणासाठी उपयोग करण्यात आला. 1988 मध्ये ग्लुटाथायोन-एस-ट्रान्सफरेज या विकराचा टॅग पुढे आला.

आज सर्वाधिक वापर हिस-टॅगचा होतो आणि त्याचे कारण त्याच्या साधेपणात आहे: हिस्टिडिन या ॲमिनो आम्लाचे सलग सहा रेणू, एवढाच तो टॅग. स्तंभातील (प्रथिनांचे मिश्रण जिच्यातून सोडतात त्या नळीतील) रेझिनाच्या कणांवर बसवलेल्या निकेल आयनाला सहा बंधस्थाने असतात. त्यांपैकी चार रेझिनावरील संयुग (नायट्रिलोट्रायॲसिटिक आम्ल) व्यापते आणि उरलेल्या दोहोंवर हिस्टिडिनची वलये बसतात. हे बंध प्रथिनाच्या घडीवर अवलंबून नसल्याने यूरियात उलगडलेले प्रथिनही स्तंभात धरले जाते. मग तशाच वलयाचे सुटे रेणू असलेले इमिडाझोलचे द्रावण सोडले की ते हिस्टिडिनची जागा घेते व प्रथिन बाहेर पडते. तरी पहिल्याच फेरीत पूर्ण शुद्धता क्वचितच मिळते, कारण ई. कोलाय या जीवाणूचे स्लाय-डी हे हिस्टिडिनबहुल प्रथिनही निकेलला चिकटते.

टॅगमुळे प्रथिनाच्या कार्यात वा स्फटिकीभवनात अडथळा येऊ शकतो, म्हणून जोडावर एखाद्या प्रथिनछेदक विकराची खूण आधीच पेरून ठेवतात. तंबाखूच्या एका विषाणूपासून मिळवलेले टीईव्ही विकर त्यासाठी लोकप्रिय आहे. प्रयोगशाळांत हे विकरही बहुधा हिस-टॅगसह बनवलेले असते. त्यामुळे छेदनानंतर सारे मिश्रण त्याच निकेल स्तंभातून पुन्हा सोडले की विकर, तुटलेला टॅग आणि न तुटलेले प्रथिन अडकून राहते व हवे ते प्रथिन स्तंभातून सरळ वाहून येते.