'मन' की 'वर्ल्ड क्लायमेट'?

कॉलेजच्या फलकावर 'प्रतिरूप हवामान परिषद' एवढंच लिहिलेलं असेल, तर आत नेमकं काय होणार ते कळत नाही. या नावाखाली दोन निरनिराळे खेळ चालतात. दोन्हींत मुलं देशांचे प्रतिनिधी होतात, दोन्हींत वाटाघाटी होतात आणि दोन्हींत ब्लेझर घातलेले दिसतात, एप्रिलच्या उकाड्यातसुद्धा.

एक म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स, संयुक्त राष्ट्रांच्या सभेची नक्कल. मुलं त्याला नुसतं 'मन' म्हणतात. बांगलादेश किंवा मालदीव वाट्याला आला की त्या देशाची भूमिका लिहून आणायची, पाटी वर करायची, अध्यक्षांनी पुकारलं की मिनिटभर बोलायचं. मधल्या वेळात कोपऱ्याकोपऱ्यात घोळके जमतात, ठरावाचा मसुदा शिजतो आणि शेवटी मतदान होतं. हा शब्दांचा खेळ. एका क्रियापदावरून अर्धा तास जातो, पण तो फुकट जात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या खऱ्या हवामान परिषदेत, ग्लासगोत २०२१ साली, कोळशाचा वापर 'संपवायचा' की 'कमी करत न्यायचा' यावरच शेवटच्या घटकेला घोडं अडलं होतं. मात्र ठरावातल्या कलमांनी तापमान किती उतरेल, हे 'मन'मध्ये सहसा कोणी विचारत नाही. हजारो कोटींचा निधी एका ओळीत उभा राहतो आणि बक्षीस उत्तम बोलणाऱ्याला मिळतं.

दुसरा 'वर्ल्ड क्लायमेट'. अमेरिकेतल्या क्लायमेट इंटरॅक्टिव्ह या संस्थेने एमआयटीच्या मंडळींसोबत तो घडवला. इथे जगाचे सहाच गट: अमेरिका, युरोपीय संघ, इतर विकसित देश, चीन, भारत आणि इतर विकसनशील देश. भाषणं होतात, पण शेवटी प्रत्येक गटाला आकडे द्यावे लागतात: उत्सर्जनाची वाढ कोणत्या वर्षी थांबणार, घट कधीपासून आणि दरवर्षी किती टक्के, जंगलतोड किती रोखणार, हवामान निधीत किती घालणार किंवा त्यातून किती मागणार. हे आकडे 'सी-रोड्स' या संगणकीय प्रारूपात भरले की २१०० सालापर्यंतची तापमानवाढ पडद्यावर येते. पहिल्या फेरीत ती बहुधा दोन अंशांच्या वरच राहते. मग पुन्हा वाटाघाटी.

बैठकव्यवस्थाही बोलकी असते. श्रीमंत गटांना टेबलक्लॉथ आणि खाऊ, इतर विकसनशील देश जमिनीवर. समुद्र वाढल्याचं दाखवायला सखल देशांच्या प्रतिनिधींवर चक्क निळी ताडपत्री पसरतात. गंमत वाटते, पण ताडपत्रीखाली बसलेल्याला फार वेळ नाही.

विकसनशील देशांची बाजू कळायला कोणता बरा? सी-रोड्स उत्सर्जनाचे टन मोजतं; कोणी किती आधीपासून जाळलं म्हणून कोणी किती भरायचं, हा वाद काही ते मिटवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९९२च्या हवामान करारातलं 'सामायिक पण वेगवेगळी जबाबदारी' हे तत्त्व ज्याने 'मन'मध्ये घोकलंय, तोच तो वाद नीट घालू शकतो. त्यामुळे आधी 'मन' आणि मग 'वर्ल्ड क्लायमेट', असं माझं मत.

खऱ्या परिषदेत मात्र 'मन'सारखं मतदानही नसतं. मतदानाचा नियम देशांनी आजवर स्वीकारलेलाच नाही, सगळं सहमतीवर चालतं. सहमती झाली की नाही, हे ठरवतो अध्यक्षांचा हातोडा. बाकूत २०२४ साली २०३५पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला किमान ३०० अब्ज डॉलर उभे करण्याचं उद्दिष्ट असंच मंजूर झालं. भारताच्या प्रतिनिधीला आक्षेप नोंदवायची संधी मिळाली, ती हातोडा पडल्यावर.