कॅसेटींत उरलेले नागपूर केंद्र : जुन्या प्रसारणांच्या जतनामागचा इतिहास

दारव्हा-दिग्रस पट्ट्यातील आमच्या गावच्या घरी, धान्याच्या खोलीत, एक पत्र्याची पेटी आहे. माझ्या मोठ्या बाबांनी रेडिओवरून टेप केलेल्या चाळीसेक कॅसेटी तीत आहेत आणि प्रत्येकीच्या पाठीवर त्यांच्या तिरप्या अक्षरात जुजबी नोंद आहे : ‘नागपूर, मंगळवार, शेतीचे’, ‘नागपूर, कीर्तन, अर्धे’, ‘सिलोन, खरखर फार’. वर्ष कुठेही नाही. अशा पेट्या विदर्भातल्या बऱ्याच घरांत आहेत आणि अलीकडे जुने श्रोते त्या उघडून त्यांतले आवाज संगणकावर उतरवून घेऊ लागले आहेत. त्यांतल्या काही आवाजांची दुसरी प्रत कदाचित कुठेच नसेल. ते आवाज रेडिओ केंद्रात न राहता एका शेतकऱ्याच्या धान्याच्या खोलीत कसे राहिले, हे कळण्यासाठी या भागात रेडिओ कसा आला, कसा ऐकला गेला आणि कार्यक्रम वाजून गेल्यावर त्याचे काय होत असे, हे पाहावे लागते.

देशातील संघटित प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत खासगी कंपनीच्या केंद्राने सुरू झाले. ती कंपनी तीन वर्षांतच बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. विदर्भाच्या वाट्याला स्वतःचे केंद्र यायला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांच्या मुलखासाठी हे केंद्र होते आणि ही दुभाषी सवय पुढे राज्यरचना बदलल्यावरही त्याच्या कार्यक्रमांत टिकून राहिली. वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाने वाक्याच्या मध्येच सहज हिंदीत शिरावे, हे आमच्याकडे नवे नाही. म्हणून हे केंद्र आम्हाला कधी परके वाटले नाही.

तेव्हा बहुतेक खेड्यांत वीज नव्हती. व्हॉल्व्हचा रेडिओ मोठ्या कोरड्या बॅटरीवर चाले, ती महाग असे, आणि म्हणून गावात एखाद्या पाटलाकडे, शाळेत किंवा पंचायतीतच संच असे. घरावर दोन बांबूंच्या मध्ये तारेच्या जाळीची पट्टी ताणून एरियल बांधावा लागे आणि दुसरी तार ओल्या जमिनीत पुरावी लागे. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की आवाज मंदावे. मग त्या तारेच्या बुडाशी तांब्याभर पाणी ओतत, असे आमच्या आबाजींकडून ऐकले आहे. रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना घ्यावा लागे आणि दरवर्षी शुल्क भरून तो नव्याने करून घ्यावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालली. परवान्याची ती छोटी पुस्तके आज जपून ठेवण्यासारखी आहेत, कारण कोणत्या घरी रेडिओ कधी आला, याचा तारखेनिशी पुरावा सहसा तेवढाच उरलेला असतो.

ऐकणे हा तेव्हा चारचौघांनी मिळून करण्याचा व्यवहार होता, आणि त्याचा पद्धतशीर प्रयोग महाराष्ट्रातच झाला. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पश्चिम महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांच्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे उभारली. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावेत, अशी त्याची रीत होती. पुढे १९५९ पासून ही कल्पना देशभर राबवली गेली. या इतिहासातला प्रश्न पाठवण्याचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. श्रोता पत्र लिहितो, केंद्र त्याला नावानिशी उत्तर देते, आणि आपले नाव रेडिओवर आले ही गोष्ट गावात वर्षभर सांगितली जाते. आपल्याला कोणी तरी उत्तर देणार आहे हे ठाऊक असलेला माणूस वेगळ्या कानाने ऐकतो. कार्यक्रम टेप करून ठेवण्याची ओढ पुढे ज्यांना लागली, ते बहुतेक असेच पत्रे लिहिणारे श्रोते होते.

१९६० नंतर ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ बैठकीतून वावरात गेला. चामड्याच्या भोकाभोकांच्या कव्हरातला संच खांद्याला अडकवून माणसे जागलीला जात. ज्वारीच्या वावरातल्या माळ्यावर रात्रभर रानडुकरांना हाकताना सोबतीला तोच असे. सेल उतरले की दिवसा ते उन्हात ठेवत, आणि संध्याकाळच्या बाजारभावापुरता तरी त्यांत जीव येई. रात्री मध्यम लहरींवर दूरदूरची केंद्रे लागत. दिवसा वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळल्यावर तो विरतो आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी शेकडो किलोमीटरवर पोहोचतात. जागलकऱ्याला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण कोणते केंद्र किती वाजता ‘वर येते’ आणि कधी ‘बुडते’, हे त्याला पाठ होते.

सिनेसंगीतासाठी आधी श्रीलंकेतून लागणारा रेडिओ सिलोनच होता. १९५० च्या दशकात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना फारशी जागा उरली नाही, तेव्हा श्रोता सिलोनकडे वळला. त्याला परत आणण्यासाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी या सेवेवर पहिल्यांदा जाहिराती वाजल्या, आणि त्या प्रयोगासाठी निवडलेल्या मुंबई, पुणे, नागपूर या तीन केंद्रांत आमचे नागपूर होते, ही गोष्ट इथल्या जुन्या श्रोत्यांनाही सहसा ठाऊक नसते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सुरुवातीच्या काळात बहुतेक कार्यक्रम थेट सादर होत; ध्वनिमुद्रण तबकडीवर करावे लागे आणि ते खर्चाचे असल्याने निवडक गोष्टींपुरतेच होई. पुढे पाव इंच रुंदीच्या चुंबकीय फितीचे मोठे स्पूल आले आणि मुद्रण सोपे झाले. पण फितीचा गुणच असा की ती पुसून पुन्हा वापरता येते. फीत महाग, साठवायला जागा कमी आणि कार्यक्रम रोजचा. त्यामुळे प्रसारण झाले की स्पूल पुसून पुढच्या मुद्रणाला घ्यायचे, हा जगभरच्या रेडिओ केंद्रांचा शिरस्ता होता. जपायचे काय, हे आधी ठरवावे लागे. १९५४ मध्ये दिल्लीत आकाशवाणीचा मुद्रित कार्यक्रम सांभाळणारा आणि केंद्रांना देवाणघेवाणीसाठी पुरवणारा विभाग सुरू झाला, आणि राष्ट्रीय नेत्यांची भाषणे, थोर गायक-वादकांच्या मैफली, नामवंतांच्या मुलाखती असा मोठा ठेवा तिथे जमला. तो ठेवा अनमोल आहे, यात शंका नाही. पण तूर कशी खुडावी हे सांगणारा शेतकरी, गावच्या भजनी मंडळाचे पंधरा मिनिटांचे भजन, दुपारच्या महिलांच्या कार्यक्रमात जात्यावरच्या ओव्या म्हणणारी बाई, यांना त्या निवडीत जागा मिळण्याची शक्यता फार थोडी होती. हे आवाज एकदा हवेत गेले आणि स्पूल दुसऱ्या दिवसाच्या कामाला लागले.

प्रसारण आणि त्याची आठवण यांच्यात केवढे अंतर पडू शकते, याचे सर्वांत ठळक उदाहरण मराठीपुरते तरी गीतरामायणाचे आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ते सुरू झाले आणि पुढे वर्षभर चालले, ग. दि. माडगूळकरांची ५६ गीते, सुधीर फडक्यांचे संगीत. त्या मूळ प्रसारणात वेगवेगळ्या पात्रांची गीते वेगवेगळ्या गायक-गायिकांनी गायिली होती. नंतर फडक्यांच्या एकट्याच्या आवाजातल्या तबकड्या निघाल्या, त्यांचे जाहीर कार्यक्रम गावोगाव झाले, आणि आज सत्तरी-ऐंशीतले कितीतरी श्रोते मनापासून सांगतात की रेडिओवर आम्ही सगळे रामायण फडक्यांच्याच आवाजात ऐकले. ते खोटे बोलत नाहीत. पुन्हा पुन्हा ऐकलेला आवाज पहिल्यांदा ऐकलेल्या आवाजाच्या जागी जाऊन बसतो. एवढ्या गाजलेल्या कार्यक्रमाचे असे होत असेल, तर संध्याकाळच्या शेतीविषयक कार्यक्रमाची आठवण किती भरवशाची धरायची? म्हणून आठवणी लिहून घेणे पुरेसे नाही. त्यांच्या शेजारी ठेवायला मूळ आवाज हवा.

तो आवाज कॅसेटीमुळे उरला. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये आणलेली ही लहानशी डबी आमच्या भागात घरोघर पोहोचायला १९८० चे दशक उजाडले. आखाती देशांत गेलेल्या नातेवाइकाने आणलेला, नाहीतर कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, आल्यावर नागपूरहून घेतलेला ‘टू-इन-वन’ घरी आला, की रेडिओ आणि टेप एकाच पेटीत असल्याने दोन बटणे एकदम दाबून प्रसारण थेट उतरवता येई. त्याआधी साधा टेपरेकॉर्डर रेडिओसमोर ठेवून मुद्रण करत, आणि मग घरातले सगळेच त्यात येई. मोठ्या बाबांच्या एका जुन्या कॅसेटीत कीर्तनाच्या मागे गोठ्यातल्या गाईची घंटा, विहिरीच्या रहाटाची कुरकुर आणि ‘हळू बोला, टेप सुरू हाये’ असा त्यांचाच दबलेला आवाज आहे. संगणकावर स्वच्छ करताना हे आवाज काढून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा, असे माझे ठाम मत आहे, कारण ते प्रसारण कोणत्या घरात, कसे ऐकले गेले, याचा तो दाखला आहे. मूळ जसेच्या तसे ठेवावे, आणि हवी तर ऐकण्यासाठी वेगळी प्रत करावी.

ज्या लहरींवर हे सगळे पोहोचत होते, त्या लहरीही पुढे बदलल्या. नागपूर केंद्र मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला लागे. आमच्या जुन्या संचाच्या काचेवर त्या जागी मोठ्या बाबांनी मारलेली लाल शाईची खूण अजून आहे. १८ मे १९८८ रोजी आकाशवाणीची रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, ती नागपूरजवळच्या १००० किलोवॅटच्या प्रक्षेपकावरून, कारण देशाच्या मध्यावरून रात्रीच्या लहरी चहूकडे पोहोचू शकत होत्या. २०१९ च्या सुरुवातीला ती बंद झाली. ३१ जानेवारी २०२० रोजी बीबीसीची लघुलहरींवरील हिंदी सेवाही थांबली. दरम्यान अकोला, चंद्रपूर, यवतमाळ इथे एफएम केंद्रे आली. आवाज निर्मळ झाला आणि पल्ला लहान झाला. जुन्या श्रोत्यांना आपल्याजवळचा संग्रह एकाएकी महत्त्वाचा वाटू लागला, तो याच वर्षांत.

विदर्भाचे हवामान कॅसेटीला मुळीच मानवत नाही. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात प्लास्टिक वाकते, आणि पावसाळ्याच्या ओलीने फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट घाईने वाजवली तर बुरशी यंत्राच्या डोक्यावर बसते आणि पुढच्या कॅसेटीही खराब करते. बरीच वर्षे पडून असलेली फीत आधी पूर्ण पुढे आणि मग मागे फिरवून सैल करावी, यंत्राचे डोके स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, आणि मगच वाजवून लगेच उतरवून घ्यावी. कधी कधी पहिले वाजवणे हेच शेवटचे ठरते. फाइल दाबून लहान न करता पूर्ण रूपात ठेवावी. तासाभराच्या मुद्रणाला पाचसहाशे एमबी लागतात, आणि आज तेवढी जागा कुणालाही परवडते. कायद्याची भीतीही अवाजवी आहे. स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक संशोधनासाठी प्रसारण मुद्रित करण्याची मुभा कायद्यात आहे. प्रसारण संस्थेचा त्या प्रसारणावरील हक्क पुढच्या वर्षाच्या आरंभापासून २५ वर्षे असतो. मात्र ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क ६० वर्षांचा असल्याने त्यातली गाणी सर्वत्र पसरवण्याआधी विचार करावा लागतो.

सर्वांत अवघड काम आहे तारखेचे. नुसता आवाज म्हणजे अर्धा दस्तऐवज. तो कधीचा आणि कुठला, हे कळले की तो पूर्ण होतो. त्यासाठी श्रोत्यांच्या वह्या, केंद्राकडून आलेली पत्रे, परवान्याची पुस्तके आणि घरातली साधी हिशोबाची कागदपत्रे कॅसेटीच्या जोडीने जपली पाहिजेत. ‘नागपूर, मंगळवार, शेतीचे’ ही कॅसेट मी मागच्या दिवाळीत उतरवली. तीत तुरीचा भाव सांगितला जातो, त्यानंतर उत्तरेकडून येणाऱ्या थंड वाऱ्याचा अंदाज आहे, आणि शेवटी मोठे बाबा कुणाला तरी म्हणतात, ‘परवा गाडी भरू.’ त्याच पेटीच्या तळाशी अडत्याकडची तुरीची पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, सापडली, १३ फेब्रुवारी १९८६, गुरुवार. कॅसेटीत ऐकू येणारा भाव आणि पट्टीवरचा भाव यांत क्विंटलमागे पाच रुपयांचा फरक आहे. मोठ्या बाबांचे अक्षर तसेच ठेवून मी त्याखाली पेन्सिलने लिहिले आहे : ‘बहुधा ११ फेब्रुवारी १९८६, आधार, तुरीची पट्टी.’ पट्टी आता कॅसेटीच्याच डबीत घडी करून ठेवली आहे.