स्टेडियम रिकामं, बार अर्धा भरलेला: धोका नेमका कुठे?

जानेवारी २०२२. ओमायक्रॉनची लाट चढलेली होती. राज्य सरकारच्या आदेशानुसार हॉटेलं आणि बार निम्म्या गिऱ्हाइकांवर रात्री दहापर्यंत चालू होते. आंतरराष्ट्रीय सामने घ्यायचे तर प्रेक्षकांशिवाय. म्हणून २० तारखेला महिला आशिया चषक फुटबॉलमध्ये भारत आणि इराणच्या मुली नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळल्या. सामना ०-० सुटला. त्याच संध्याकाळी वाशी-बेलापूरच्या बारमध्ये मास्क हनुवटीवर ओढून चिअर्स करायला मुभा होती. उघड्या आकाशाखाली पंचावन्न हजारांची जागा असताना एकही माणूस नको, आणि काचा बंद करून एसी लावलेल्या खोलीत चाळीस चालतील, हे कुठलं शास्त्र?

असा वाद आपल्याकडे आधीही झाला होता. ५ ऑक्टोबर २०२० ला बार उघडले, देवळं मात्र दिवाळी पाडव्यापर्यंत बंदच राहिली, तेव्हा प्रकरण राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रापर्यंत गेलं. त्यात राजकारण होतं, ते सोडू. पण ‘ते उघडं तर हे का बंद’ असं विचारताना आपण दोन वेगळे हिशेब एकत्र करतो. तिथे बसल्यावर मला लागण व्हायची शक्यता किती, हा एक. त्या जमावामुळे शहरात साथ किती पसरेल, हा दुसरा. पहिल्या हिशेबात बार सपशेल हरतो. दुसऱ्यात स्टेडियमची बाजू लंगडी पडते.

पहिल्याचं कारण हवा. बंद स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी दिली की बैठकीत बसलेल्यालाही ठसका लागतो, तीच फोडणी अंगणातल्या चुलीवर दिली तर शेजारी उभ्या माणसापुरतं निभावतं. कोरोनाचे बारीक कण असेच साचतात. चीनमधल्या ग्वांगझूच्या एका रेस्टॉरंटमध्ये जानेवारी २०२० मध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना लागण झाली. एसीचा झोत त्या टेबलांवरून फिरत होता आणि बाहेरची हवा आत येत नव्हती. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनमंडळाच्या तालमीला मार्च २०२० मध्ये ६१ जण जमले होते, त्यांतले ५३ आजारी पडले. बंद खोली, मोठा आवाज आणि भरपूर वेळ, एवढं पुरलं.

बारमध्ये हे तिन्ही असतंच, शिवाय हातात ग्लास असल्यामुळे मास्क नसतो. वर स्पीकर लावला की समोरच्याशी बोलायलाही ओरडावं लागतं. स्कॉटलंडने ऑगस्ट २०२० मध्ये पबमधलं संगीत आणि टीव्हीचा आवाज बंद करायला लावला तो यासाठीच. तेव्हा त्याची टिंगल झाली असेल, पण साथीतल्या नियमांत मला तो सगळ्यात डोकं लावून केलेला वाटतो. आपल्याकडे टेबलांमध्ये अंतर आणि दारात ताप मोजायची बंदूक, यावर भर राहिला. हवेकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं.

स्टेडियमच्या खुर्चीवर वारा लागतो, तोंडं एका दिशेला असतात, मध्ये जागा रिकाम्या सोडता येतात. मात्र स्टेडियम म्हणजे फक्त खुर्च्या नव्हेत. गेटवरची झडती, स्टँडखालच्या गल्ल्या, मध्यंतरात टॉयलेटबाहेरची रांग, वडापावचा काउंटर हे सगळं त्यात येतं. आणि वरच्या मजल्यावरचा काचबंद बॉक्स म्हणजे तर मैदान दिसणारा बारच, फक्त तिकीट महाग.

आता शहराचा हिशेब. पंचावन्न हजारांचे २५ टक्के म्हणजे जवळपास चौदा हजार माणसं. आयपीएल २०२२ मध्ये सुरुवातीला एवढीच मुभा होती. कागदावर पाव स्टेडियम, पण शेवटच्या चेंडूनंतर हे सगळे एकाच वेळी नेरुळ स्टेशनकडे निघणार. कोणी हार्बरने पनवेलला, कोणी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आणि तिथून पुढे डोंबिवली-बदलापूरला. बारमधली चाळीस माणसं बहुतेक आसपासच्या सेक्टरमधली असतात आणि वेगवेगळ्या वेळी उठतात. बारमध्ये एक बाधित माणूस दहा जणांना आजारी पाडेल, पण बहुधा त्याच भागातल्या. स्टेडियमचा जमाव दोन-तीन जिल्ह्यांची गाठ घालून देतो.

मिलानमध्ये १९ फेब्रुवारी २०२० ला अटलांटा (बेर्गामोचा फुटबॉल संघ) विरुद्ध व्हॅलेन्सिया सामन्याला बेर्गामोहून हजारोंच्या संख्येने माणसं गेली आणि काही आठवड्यांत बेर्गामो इटलीतल्या साथीचं केंद्र झालं. त्यात त्या एका संध्याकाळचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण तिथल्या महापौरांनी स्टेडियमबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली होती: जे गेले नाहीत त्यांनी घराघरांत, घोळक्याने, बारमध्ये बसून सामना पाहिला.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. स्टेडियम बंद केल्याने चाहता घरी बसत नाही, तो मोठा पडदा शोधतो. म्हणजे रिकाम्या स्टेडियममुळे बार भरतो, आणि आपण त्या दोघांची तुलना जणू एकमेकांशी संबंध नसल्यासारखी करतो. जून २०२१ मध्ये युरो फुटबॉलच्या वेळी स्कॉटलंडच्या आरोग्य खात्याने सामन्यांशी जोडलेले जवळपास दोन हजार रुग्ण शोधले. त्यांतले सुमारे तेराशे लंडनला जाऊन आलेले होते, पण प्रत्यक्ष तिथल्या वेम्बली स्टेडियममध्ये बसलेले फक्त चारशेच्या आसपास. बाकीचे प्रवासात, चौकात, पबमध्ये, कोणाच्या तरी घरी. यावरून स्टेडियम निर्दोष ठरत नाही. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वेम्बलीत आणि त्याच्या आसपास सुमारे ३,४०० जणांना लागण झाली असावी, असा ब्रिटिश सरकारच्याच संशोधन कार्यक्रमाचा अंदाज होता. साठ हजारांवर गर्दी, विनातिकीट घुसलेले लोक आणि गाणी म्हणणारा जमाव, यापुढे उघडं आकाश तरी काय करणार?

देखरेखीच्या बाबतीत मात्र स्टेडियम सरस. कोण कुठे बसलं हे तिकिटावरून कळतं, लशीच्या प्रमाणपत्राची अट घालता येते, स्टँडनुसार लोक सोडता येतात. बारमध्ये बिल देणाऱ्याचा नंबर फार तर मिळेल, बाकीचे पाच कोण होते हे त्यालाच विचारायचं. तरीही सरकारं आधी बार का उघडतात? परमिट रूम बंद म्हणजे गल्ला शून्य आणि परवान्याची फी, भाडं, वेटरचे पगार डोक्यावर. सामना मात्र प्रेक्षकांविनाही टीव्हीवर विकला जातो. हा निर्णय पोटाचा होता, आणि तो तसाच उघड सांगितला असता तर निम्मा वाद मिटला असता. त्याऐवजी त्याला आरोग्याचं कारण चिकटवलं गेलं.

पुन्हा अशी साथ आली आणि मला कोणी विचारलंच, तर मी उघड्या स्टँडमध्ये दहा टक्के लोक घेईन, काचबंद बॉक्स आणि बिअरचे काउंटर बंद ठेवीन, सामना दुपारी लावीन आणि एकेक स्टँड पंधरा-पंधरा मिनिटांच्या अंतराने सोडीन. बारवाल्यांना गच्चीत आणि फुटपाथलगत टेबलं मांडायला परवानगी देईन. आणि सामन्याच्या संध्याकाळी आतला मोठा पडदा बंद. बारवाले यावर चिडतील, कारण त्या संध्याकाळचा धंदा त्या पडद्यावरच चालतो.