वाकलेला व्हॉल्व्ह, दमलेली स्प्रिंग

रेसच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं की आधी पिस्टनचा माथा बघावा. तिथल्या काजळीत नखाएवढी चकचकीत चंद्रकोर दिसली, तर व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी (इनटेक) किंवा धूर बाहेर सोडणारी (एक्झॉस्ट) झडप, पिस्टनला चाटून गेलाय. इंजिन अजून चालत असेलही, पण पुढच्या वेळी नुसतं चाटण्यावर भागेलच असं नाही.

यात व्हॉल्व्हची चूक क्वचितच असते. त्याला उघडतो कॅमचा, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा, उंचवटा आणि मिटवते स्प्रिंग. इंजिन मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह दर दोन फेऱ्यांना एकदा, म्हणजे सेकंदाला 100 वेळा उघडतो. एका वेगापुढे स्प्रिंगला कॅमचा पाठलाग जमत नाही. कॅम उतरणीला लागतो, व्हॉल्व्ह मात्र तरंगतच राहतो. हाच ‘व्हॉल्व्ह फ्लोट’. मग तो सीटवर, म्हणजे मिटल्यावर टेकायच्या कड्यावर, आदळतो, उसळतो, आणि नेमका तेव्हा पिस्टन वर आला की वाकतो. स्प्रिंग दमलेली असेल तर हे कमी वेगालाच घडतं. त्यामुळे नवा व्हॉल्व्ह घालून स्प्रिंग जुनीच ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात.

कधी चालकाचा हातही नडतो. चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला, की चाकंच इंजिनाला फरफटवतात. रेव्ह लिमिटर (इंजिनाचा वेग हद्दीत ठेवणारी यंत्रणा) ठिणगी किंवा इंधन तोडेल, चाकांना काय थोपवणार?

हेड न उघडता निदान करायचं तर लीक-डाउन चाचणी, म्हणजे हवा भरून ती कुठून गळते ते बघणं. पिस्टन वरच्या टोकाला, व्हॉल्व्ह सगळे बंद, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) पक्का धरा, नाहीतर तो फिरतो आणि पाना हाताला हिसका देतो. मग गॅरेजातला रेडिओ बंद करून कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक. ऑइलच्या झाकणातून थोडी येतेच. जास्त आली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या.

टॅपेटचा (कॅम आणि व्हॉल्व्हमधल्या दुव्याचा) आवाज बंद झाला म्हणून खूश होणारे मला नेहमी भेटतात. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजून आत गेला की टॅपेटचा गॅप कमी होतो, म्हणून ही शांतता. गॅप संपला की व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटला टेकूनच सोडतो. टेकलाच नाही तर कड जळते.

स्प्रिंगचा हा जाच डुकाटीच्या फाबिओ ताल्योनीनं 1956 मध्ये वेगळ्याच वाटेनं टाळला: व्हॉल्व्ह मिटवायलाही कॅमच. 1986 मध्ये रेनॉनं फॉर्म्युला वनच्या इंजिनात धातूच्या स्प्रिंगऐवजी दाबलेला वायू आणला. 2006 पर्यंत त्या शर्यतींतली इंजिनं 20,000 फेऱ्यांना भिडली.

आपल्याकडच्या स्प्रिंगवाल्या इंजिनासाठी उपाय साधे. प्रत्येक स्प्रिंगचा जोर मोजून लिहून ठेवायचा आणि घसरला की सगळा संच बदलायचा. जुळणी करताना पिस्टनवर मुलांच्या खेळातली क्ले चिकटवायची, हेड कसायचं, क्रँक हातानं दोन फेरे फिरवायचा, आणि हेड पुन्हा उघडून क्ले कापून तिची जाडी मोजायची. एक्झॉस्टकडे जागा जरा जास्त सोडतात, कारण तो व्हॉल्व्ह मिटत असताना पिस्टन त्याच्या पाठीमागेच धावत येत असतो.