अमालांची १७ पिढ्यांची वंशावळ

इ.स. ५२६ मध्ये इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ या जर्मानिक लोकांचा राजा थिओडोरिक वारला आणि राव्हेनाच्या गादीवर त्याचा लहानगा नातू अथालारिक बसला. वय जेमतेम दहाच्या आसपास, वडील आधीच गेलेले, कारभार आई अमालासुंथाच्या हाती. रणांगणात वाढलेल्या सरदारांनी अशा पोराला राजा का मानावं? दरबारातला रोमन मुत्सद्दी कॅसिओडोरस याने गॉथांचा १२ खंडी इतिहास लिहिला होता. त्यात अथालारिक हा अमाल राजवंशाच्या सतराव्या पिढीतला ठरत होता.

तो ग्रंथ पुढे हरवला. पण ५५१ च्या सुमारास योर्दानेसने त्याच्या आधारे लिहिलेलं छोटं पुस्तक टिकलं आणि वंशावळ आपल्यापर्यंत पोचली. मूळपुरुष गाप्त, मग पिढ्यांमागून पिढ्या. या पूर्वजांना गॉथ अर्धदेव मानत, असंही योर्दानेस सांगतो. अभ्यासकांनीही ही यादी बराच काळ विश्वासाने वापरली.

तिची पारख करायला एक जुना साक्षीदार आहे. रोमन इतिहासकार अम्मियानुसने चौथ्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे घटना ताज्या असताना लिहिलं. हूणांची धाड आली तेव्हा काळ्या समुद्राच्या उत्तरेकडचा गॉथ राजा एर्मानारिक याने स्वतःला संपवलं, हे तो नोंदवतो. त्याच्यानंतर विथिमिर राजा झाला आणि लढाईत पडला; विथिमिरचा मुलगा लहान, म्हणून सूत्रं दोन सेनानींकडे गेली. अमाल घराण्याचं नावही अम्मियानुस घेत नाही. उलट योर्दानेस एर्मानारिकला अमाल ठरवतो, त्याच्यापासून थेट वंश काढतो तो अथालारिकचे वडील युथारिक यांचा, आणि थिओडोरिकची शाखा एर्मानारिकच्या भावाशी नेऊन जोडतो. थिओडोरिकने ५१५ मध्ये स्पेनहून आणून आपल्या मुलीशी लग्न लावून दिलं ते याच युथारिकशी. जावई असा दूरचा भाऊबंदच निघाला!

कालगणनेचा सांधा मात्र उघडा पडला. एर्मानारिकचा नातू थोरिस्मुद राजा मेला, त्याच्या शोकात गॉथांनी तब्बल ४० वर्षं दुसरा राजाच नेमला नाही, असं योर्दानेस लिहितो. मला हे वाक्य फार बोलकं वाटतं. ती दशकं हूणांच्या वर्चस्वाची होती. गॉथांचे गट विखुरलेले होते, आणि एका घराण्याची सलग सत्ता दाखवायला तिथे काही नव्हतंच.

डॅन्यूबकाठच्या तेरविंगी गॉथांकडे तर वेगळीच रीत दिसते. त्यांचा पुढारी अथानारिक याला रोमन लेखक 'न्यायाधीश' म्हणतात. ३६९ मध्ये त्याने सम्राट वॅलेन्सशी तह केला तो नदीच्या मधोमध, नावेत, कारण रोमन भूमीवर पाय ठेवणार नाही अशी त्याची शपथ होती. एवढा मानाचा माणूस. पण हूण आले तेव्हा त्याचे बहुतेक लोक त्याला सोडून अलाविवुस आणि फ्रितिगेर्न यांच्यामागे गेले, आणि ३७६ मध्ये नदी ओलांडून साम्राज्यात शिरले. जो वाचवेल, पोसेल, त्याच्यामागे जायचं, इतका साधा हिशेब.

थिओडोरिकलाही गादी आयती मिळाली नाही. बाल्कनमध्ये त्याच नावाचा एक प्रबळ प्रतिस्पर्धी, थिओडोरिक स्ट्राबो, गॉथांचा मोठा जमाव बाळगून होता. ४८१ मध्ये तो अपघातात गेला. त्याच्या मुलाला अमाल थिओडोरिकने मारलं, तेव्हा कुठे बरेचसे गॉथ एका झेंड्याखाली आले. इटली जिंकल्यावर, म्हणजे ४९३ नंतर, या घराण्याला जुनेपण दाखवण्याची गरज लागली. माझ्या मते वंशावळ हे या सत्तेचं कारण नाही, फळ आहे.

याची कसोटी थिओडोरिकच्या मृत्यूनंतर दहा वर्षांतच लागली. अथालारिक ५३४ मध्ये वारला. थिओडोरिकचा भाचा थिओदाहाद याच्या राज्यात अमालासुंथाचा खून झाला, बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचं, सैन्य चालून आलं आणि थिओदाहादला लढता येईना. ५३६ मध्ये गॉथांनी सरळ विटिगिस नावाच्या सेनानीला राजा केलं. आपली निवड बंद दालनात नव्हे तर मोकळ्या मैदानात, ढालीवर उचलून झाली, असं त्याने जाहीर केलं. हे जाहीरनामे लिहिणारा पुन्हा कॅसिओडोरसच! तरीही विटिगिसने अथालारिकची बहीण मातासुंथा हिच्याशी लगेच लग्न केलं. तलवारीने मिळालेल्या गादीलाही तोवर अमाल नाव जोडावंसं वाटत होतं.