किशोरवयातील नैराश्य आणि बालपणीचे भावनिक आघात

मारहाणीचे वळ दिसतात. परंतु ‘तू जन्मालाच यायला नको होतास’ हे वर्षानुवर्षे ऐकणाऱ्या, किंवा रडल्यावर ज्याच्याकडे घरातले कोणी वळूनही पाहत नाही अशा मुलाच्या अंगावर काहीच उमटत नाही. तरीही पुढील आयुष्यातील नैराश्याशी या भावनिक छळाचा आणि उपेक्षेचा संबंध, अनेक अभ्यासांनुसार, शारीरिक मारहाणीपेक्षाही घट्ट आहे. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी अमेरिकेत केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचे प्रकार जितके अधिक, तितका प्रौढपणी नैराश्याचा धोका वाढलेला आढळला.

धोका जाणवला की मेंदूच्या आदेशावरून अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक सोडतात आणि एरवी धोका टळताच त्याचे प्रमाण उतरते. ज्या घरात धोका रोजचाच असतो, तेथे वाढणाऱ्या मुलाची ही यंत्रणा बिघडू शकते: काहींत ती सतत चढलेली राहते, तर काहींत प्रतिसादच मंदावतो. मारहाण सोसलेल्या मुलांना हळूहळू स्पष्ट होत जाणारी छायाचित्रे दाखवली, तेव्हा चेहऱ्यावरचा राग त्यांनी इतर मुलांपेक्षा लवकर ओळखला. घरात जगण्यासाठी उपयोगी पडणारी ही सावधता वर्गात, मैत्रीत मात्र थकवून टाकते.

वयात येण्यापूर्वी मुलामुलींतील नैराश्याच्या प्रमाणात फारसा फरक नसतो. किशोरवयाच्या मध्यावर मात्र मुलींतील प्रमाण सुमारे दुप्पट होते. यामागे संप्रेरकांतील बदल, लैंगिक अत्याचारांचा अधिक धोका आणि झालेल्या गोष्टी मनात पुन्हा पुन्हा घोळवत राहण्याची सवय, अशी अनेक कारणे एकत्र येतात. मुलगे मात्र त्यातून सुटतात असे मुळीच नाही. किशोरवयात उदासीऐवजी चिडचिड हेही नैराश्याचे प्रमुख लक्षण धरले जाते, आणि मुलग्याच्या चिडचिडीला घरात व शाळेत सर्रास ‘उद्धटपणा’ म्हटले जाते. मला हे फार अन्यायाचे वाटते, कारण ज्याला उपचार हवेत त्याला शिक्षा मिळते.

असा आघात झालेल्या प्रत्येक मुलाला नैराश्य येतेच असे नाही. भरवशाची एक तरी प्रौढ व्यक्ती सोबत असेल तर धोका कमी होतो. चिडचिड किंवा उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि झोप, भूक, अभ्यास यांवर परिणाम दिसू लागला, तर मुलाला तज्ज्ञाकडे न्यावे. स्वतःला इजा करण्याची भाषा कानावर आली, तर त्याच दिवशी.