मामीचा प्रश्न आणि हृदयाचा हिशोब

मामाला अटॅक आला, स्टेंट टाकली, आणि दोन वर्षांनी यंदा गडी म्हणाला सातारा हिल मॅरेथॉन पळणार, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं जाऊन परत, 21 किलोमीटर! किलोमीटरमागं ओळखीच्यांकडून पैसे घ्यायचे आणि हृदयाला छिद्र असलेल्या लहान पोरांच्या ऑपरेशनला द्यायचे. मामी कडाडली, "देवानं ठोके मोजून दिल्यात, ते पळून संपवताय व्हय?"

हा समज लई जणांचा आहे, म्हणून आधी हिशोब करू. मिनिटाला 70 ठोके म्हणजे दिवसाला 1,00,800. आता रोज एक तास 140 नं पळणारा माणूस धरा, सरावानं त्याची बसल्याजागची नाडी 55 वर येते, तर त्याचे दिवसाचे होतात 84,300. म्हणजे पळून साडेसोळा हजार ठोके वाचले की!

पण खरी मजा पुढं आहे. हृदय सगळ्या अंगाला रक्त देतं, मग हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त कधी मिळतं? डावी जवनिका (सगळ्या अंगाला रक्त फेकणारा हृदयाचा कप्पा) आवळली की तिच्या भिंतीतल्या रक्तवाहिन्याही चेपल्या जातात, ओला टॉवेल पिळल्यासारख्या, त्यामुळं तिला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधे ती सैल पडल्यावर. नाडी 60 असेल तर एका ठोक्याला एक सेकंद, त्यात आवळण्यात साधारण एक तृतीयांश जातो, बाकी सैल. नाडी 150 झाली की सगळा मिळून 0.4 सेकंद, आणि काटछाट होते ती जास्त करून सैल वेळेतच. त्यात हा स्नायू आलेल्या रक्तातला 70 टक्क्यांच्या वर ऑक्सिजन बसल्याजागीच काढून घेतो (पायाचे स्नायू जेमतेम पाव घेतात), म्हणजे जादा लागला तर जादा रक्तच हवं. सरावानं पायाच्या पेशीत मायटोकाँड्रिया (ऑक्सिजन वापरून ताकद तयार करणाऱ्या बारक्या भट्ट्या) वाढतात, रक्तातलं पाणी वाढतं, हृदय जास्त भरतं आणि एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, मग तोच चढ कमी ठोक्यांत निघतो आणि हृदयाला जेवायला वेळ मिळतो. मामाची बीटा ब्लॉकरची गोळीपण ठोके कमी करूनच मदत करते.

आणि ते लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर-मधाचा काढा पिऊन ब्लॉकेज उघडतात हे फॉरवर्ड कृपा करून पाठवू नका, कारण धमनीच्या भिंतीच्या आत जमलेली चरबी काढ्यानं धुऊन निघत नाही, आणि त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करणारी माणसं मी बघितलीत.

मामानं डॉक्टरांना विचारून, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि स्ट्रेस टेस्ट (पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी) करून सुरुवात केली, आधी चालणं, मग चालत-पळत, सात-आठ महिने. गोळीमुळं घड्याळातला नाडीचा आकडा फसवतो, म्हणून त्याचा नियम एकच, बोलता आलं पाहिजे. घाटात तो सरळ चालला. फिनिश लाइननंतरही थांबला नाही, कारण पळताना पायाच्या पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात, एकदम उभं राहिलं की रक्त पायात साठतं आणि चक्कर येते. मामी शाल घेऊन मागं मागं, "आता तरी थांबा", आणि मामा मैदानात दहा मिनिटं चालतोय, किती पैसे जमले ते तिला सांगत.